आगाऊ आमेन

शेजारच्या म्हाताऱ्याने रुमाल काढला तेव्हा कवळीकाराला वाटले, हा आता शिंकणार. आणि प्रभुभोजनाची ती निःशब्द घटकासुद्धा या माणसाने सोडली नाही, असा वैताग त्याने मनाशी तयारही करून ठेवला. पण म्हातारा शिंकला नाही. त्याने मान खाली घातली, खांदे आवळून घेतले, रुमाल ओठांशी नेला, आणि चारचौघांत फाटका सदरा कोटाखाली लपवावा तशा लगबगीने तोंडातली कवळी काढून रुमालात गुंडाळली. आधी खालची, मग वरची. रुमालाची घडी मिटण्याआधी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, कवळीकाराला त्या वरच्या कवळीची पाठ दिसली. टाळूच्या मागच्या काठाशी एक बारीक उभी रेघ होती, तांदळाच्या कणीएवढी. ती रेघ जगात दुसरे कोणी काढत नव्हते. आपल्या कामावर नाव घालणे त्याला उथळपणाचे वाटे आणि काहीच न घालणे बेजबाबदारपणाचे; म्हणून ही रेघ. पुढे पाळकांनी खूण केली. सगळ्या मंडळीने हातातला पावाचा तुकडा एकदमच तोंडात घातला. म्हाताऱ्याने तो बोडक्या हिरड्यांवर ठेवला आणि लहान मूल खडीसाखर चघळते तसा डोळे मिटून चोखत राहिला. त्याने तोंड उघडले त्या क्षणी उजव्या हिरडीवरची लाल, ओली जखम कवळीकाराला स्वच्छ दिसली. त्याने स्वतःचा तुकडा चावला नाही, तसाच गिळला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो घशाखाली उतरताना टोचला.

खरे तर तो या बाकावर बसणारा नव्हता. त्याची जागा पुढे, व्यासपीठासमोर, जिथून प्रवचनातले एकेक वाक्य पारखून घेता येई. तो बाक दुरुस्तीला गेला म्हणून आज त्याला मागे, खोकणाऱ्यांच्या आणि उशिरा येणाऱ्यांच्या पंगतीत बसावे लागले होते, आणि वाट्याला शेजारी आला होता तो नेमका हा. मंडळीत याला सगळे ‘आगाऊ आमेन’ म्हणत. पाळकांची प्रार्थना शेवटच्या वळणाला लागलेली असे, ‘म्हणून हे प्रभो’ एवढेच उच्चारलेले असे, आणि मागच्या बाकांवरून खणखणीत ‘आमेन’ येई. मग उरलेले अर्धे वाक्य गाडी सुटल्यावर फलाटावर पोहोचणाऱ्या उतारूसारखे धापा टाकत येई. मुले हसत. बायका पदराने वा रुमालाने तोंड झाकत. कवळीकाराला मात्र हसू येत नसे. वाक्याचे क्रियापद यायच्या आत त्याला संमती देणे म्हणजे न वाचता सही करणे, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते त्याने पाळकांना उपासनेनंतर दारात गाठून ऐकवलेही होते. “त्याला कुणीतरी सांगायला हवं, पाळकसाहेब.” पाळक हसले होते. “देवाची तक्रार नाही, मग तुम्ही का दात खाता? अहो, तुमचा धंदा दात करायचा आहे.” पुढे तो आमेन आपोआपच बंद पडला. गेल्या काही रविवारी मागून आवाज आला नव्हता. प्रार्थना आपापल्या पूर्णविरामापर्यंत सुखरूप पोहोचत होत्या, आणि कवळीकाराला त्याचे समाधान वाटले होते. थोडेसे, कबूल करायचे तर, आपले गाऱ्हाणे वरती ऐकले गेल्यासारखे. आज त्याला त्या शांततेचे कारण कळले. ते त्याच्याच कारखान्यातून, त्याच्याच खुणेनिशी बाहेर पडले होते.

उपासना सुटल्यावर तो कोणाशी न बोलता घराकडे निघाला. रस्त्यावर रविवारची ती ओस, धुऊन ठेवल्यासारखी दुपार होती. दुकानांचे पत्रे खाली ओढलेले, एका गॅलरीत वाळत घातलेली चादर वाऱ्याने उगाच फुगत होती. चालता चालता त्याने स्वतःशी वाद घालायला सुरुवात केली, कारण वाद घालायला दुसरे कोणी उरले नव्हते. मुद्दा पहिला: कवळी करणाऱ्याने रोग्याला पाहायचे नसते, हा धंद्याचा रिवाज. डॉक्टर तोंडाचे माप घेतात. कवळीकाराकडे येतात ते प्लास्टरचे दोन जबडे आणि त्या दोहोंच्या मधला मेणाचा चावा. रोग्याने मऊ मेणावर दात नसलेले तोंड मिटायचे, मेणावर त्याची निशाणी उमटते, आणि त्या निशाणीबरहुकूम वरचा आणि खालचा जबडा पितळी बिजागरीच्या सांगाड्यावर समोरासमोर बसवायचे. चेहरा नाही, नाव नाही, वय नाही. असते ते एवढे मेण. तेव्हा म्हाताऱ्याला आपण ओळखायला हवे होते, हा आरोप टिकत नाही. मुद्दा दुसरा, आणि इथे त्याची पावले मंदावली: मेणाने सांगितले होते. त्या खेपेला आलेला चावा वाकडा होता. खालचा जबडा जवळजवळ एका दाताच्या रुंदीएवढा डावीकडे सरकलेला. त्याने तो दिव्याच्या उजेडात धरला होता, आणि हसला होता. हल्लीच्या डॉक्टर मुलींना मेण निवेपर्यंत दम धरवत नाही, रोग्याने मान हलवली की काढले बाहेर, असे तो मनाशी म्हणाला होता. मग त्याने ते केले जे त्याच्या धंद्यात कोणी करत नाही आणि करून कोणाला सांगत नाही. त्याने मेण बाजूला सारले, दोन्ही जबडे स्वतःच्या नजरेने, ओळंब्यात, मध्यरेषेसमोर मध्यरेषा आणून बसवले, आणि तो चावा मेण वितळवायच्या पातेल्यात टाकून दिला. कवळी देखणी झाली. एवढी सरळ कवळी त्याच्या हातूनही क्वचितच झाली असेल.

कवळी गेल्यावर माप घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. त्याच्या मुलीच्या वयाची, म्हणजे त्याला मुलगी असती तर तिच्या वयाची, शिकलेली, हुशार बाई. पण त्याच्याशी बोलताना तिचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा होई. “काका, त्यांचे उजवीकडचे दात टेकतच नाहीत हो. तोंड मिटताना ते डावीकडे जातात.” “बाई, म्हातारी माणसं तोंड मिटायलाही विसरतात. सराव करायला सांगा. सवय होईल.” मग कवळी परत आली, त्याने कुठेतरी जराशी घासली, चकाकी आणली आणि धाडून दिली, ती पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटच्या खेपेला तो जरा चढ्या आवाजातच म्हणाला होता, “दोष दातांत नाही, बाई. दोष तोंडात आहे.” ते वाक्य त्याला तेव्हा आवडले होते. किती आटोपशीर, किती तोललेले! आता रिकाम्या रस्त्यावर ते त्याच्या मागून चालत आले, आणि त्याने किल्ली लावून दार उघडले तेव्हा त्याच्याआधी आत शिरले.

घरात शिरल्यावर तो पहिल्यांदा रेडिओ लावी. बातम्या असोत, शेतीची माहिती असो, परक्या भाषेतले गाणे असो, त्याला सारखेच. पत्नी गेल्यापासून एकट्याने जेवताना स्वतःच्या जबड्याचा आवाज डोक्यात घुमतो, आणि तो ऐकू येऊ नये एवढ्यासाठीच रेडिओ असे. आज त्याने तो लावला नाही. शिळ्या पावाचा तुकडा तोंडात घातला आणि ऐकत राहिला. कटकट, चरचर, स्वतःच्या दातांचा, अस्सल, जागच्या जागी असलेल्या दातांचा आवाज. आणि त्या आवाजाखाली, भिंतीपलीकडचे पाणी ठिबकावे तसा, दुसरा एक आवाज. ती झोपेत दात खात असे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. अंधारात शेजारी कोणीतरी खडी रगडत आहे असा तो आवाज होता, आणि कवळीकाराने, धंद्याचा माणूस, एका सुट्टीच्या दिवशी तिचे माप घेऊन पारदर्शक, काचेसारखा पातळ एक पत्रा तयार केला. दातांवर बसवायचा, म्हणजे दात झिजणार नाहीत. किती सुंदर काम होते ते. तिनेही कौतुक केले, आणि कधी कंटाळा न करता तो रोज घातला. आवाज थांबला. ती गेल्यावर तिच्या पेल्यात तो पत्रा सापडला तेव्हा त्याने उजेडात धरून पाहिला. उजवीकडे तो आरपार झिजला होता. तिने आवाज बंद केला होता. दात खाणे थांबवले नव्हते. ती काय खात होती, कुणावर, कशासाठी, हे त्याने विचारले नव्हते. विचारण्याची गरजच पडली नव्हती. उपाय इतका चांगला निघाला होता.

त्याने अर्धा तुकडा ताटात ठेवला. पाळकांशी झालेला एक जुना वाद त्याला आठवला. प्रवचन कृपेवर होते. कृपा माणसाची लायकी पाहत नाही, असे पाळक म्हणाले, ती मोजून मिळत नाही, बेहिशेब ओतली जाते. कवळीकाराने त्यांना नेहमीच्या जागी, दारात, गाठले. “पाळकसाहेब, माप न घेता केलेली कवळी कुणाच्याही तोंडात बसत नाही. मग बिनमापाची कृपा माणसाला बसावी कशी? ती जिथं पडेल तिथं टोचणारच.” पाळक क्षणभर गोंधळले. “विचार करून सांगतो,” म्हणाले, आणि पुढे कधी सांगितले नाही. कवळीकाराने तो विजय समजला होता आणि घरी येऊन पत्नीला सांगितला होता. तिने भांडी विसळता विसळता विचारले होते, “जिंकलात म्हणजे आता तुम्हाला कृपा नकोच का?” ती उपरोधाने बोलणारी नव्हती. खरोखरच विचारत होती. त्याने काहीतरी उत्तर दिले असेल. ते आता आठवत नव्हते. आठवत होती ती तिची पाठ, आणि नळाच्या पाण्याखाली धरलेला एक पेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे तळघरातली एक लांबट खोली. रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी, तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे. धुळीने पांढरे झालेले, कोणाचे ते कोणालाच आता सांगता न येणारे, आणि सगळे हसणारे. जबडा म्हटला की तो हसतोच. त्याला ओठ नसतात म्हणून. इतकी वर्षे या हसऱ्या मंडळींत तो एकटा काम करत आला होता, आणि त्यांच्याकडे पाहून माणसांबद्दलची त्याची मते बनली होती: हा अधाशी, ही आळशी, हा रात्रंदिवस चिडणारा, याने आयुष्यभर एकाच बाजूने चावले. माणसे त्याला तोंडपाठ होती. त्याने म्हाताऱ्याचे प्लास्टर शोधून काढले, वरचे-खालचे जबडे हातांत घेतले आणि जुळवू लागला. मेण नव्हते. किती डावीकडे? इतके? की इतके? चूक सिद्ध करू शकेल असा एकमेव साक्षीदार त्याने स्वतःच वितळवला होता. कोणाला कधी कळणार नव्हते. तो अजूनही वाटले तर कवळी निर्दोष म्हणू शकत होता, आणि ती होतीही निर्दोष.

मोरीवर एक आरसा टांगलेला होता. तो त्याच्यासमोर उभा राहिला आणि आपला खालचा जबडा डावीकडे सरकवून पाहिला, अंदाज यावा म्हणून, निव्वळ कामाचा भाग म्हणून. मग त्याच्या ध्यानात आले की म्हाताऱ्याला उलटेच करावे लागत असणार: जो जबडा जन्मभर डावीकडे मिटला तो दर घासाला, दर शब्दाला, ओढून मध्ये आणायचा, तेव्हा कुठे कवळीकाराचे सरळ दात एकमेकांना भेटणार. त्याने जबडा तसाच, त्याच्या जागेवरून ढकलून, धरून ठेवला आणि तोंडात घास असल्यासारखा गिळायचा प्रयत्न केला. गिळवेना. कानासमोर एक कळ उठली, बारीक, सुईसारखी. मग ती गालावरून कानशिलात चढली. लाळ साठली. त्याने ‘आमेन’ म्हणून पाहिले. ओठांतून फुटका, ओला, कोणाचाच नसलेला आवाज आला. आरशातला चेहरा वाकडा झाला होता, डोळ्यांत पाणी आले होते, आणि तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. तो म्हाताऱ्याचा नव्हता. अंधाराला डोळे सरावल्यावर शेजारच्या उशीवर त्याने कितीदा तरी पाहिला होता तो चेहरा. एका अंगाला ओढला गेलेला, झोपेतही कशाशी तरी झगडणारा. आणि तेव्हा त्याने कूस बदलली होती.

तो मोरीच्या काठाला धरून उभा राहिला. त्याला प्रार्थना करायची नव्हती; त्याच्या प्रार्थना घरी, ठरल्या जागी, पूर्ण वाक्यांत होत. पण तोंड अजून वाकडेच होते, आणि त्या वाकड्या तोंडातून जे निघाले त्याला कर्ता नव्हता, क्रियापद धड नव्हते. दया, एवढेच, दया. कोणावर, ते त्याला ठरवता आले नाही. वर खिडकीतून कोणाचे तरी पाय गेले, एक चप्पल फरफटत होती, त्या पायांवरही. फळीवर ओठ नसलेले जबडे हसत होते, आणि ते हसत नाहीत हे त्याला पहिल्यांदा दिसले. काही घडले नाही. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. फक्त घट्ट आवळून धरलेले काहीतरी कोणीतरी बाहेरून, न विचारता, सैल केले. त्याचे श्रेय घेण्याजोगे त्याने स्वतः काही केले नव्हते, आणि एरवी ज्या माणसाने त्यावर हरकत घेतली असती तो त्या वेळी तिथे हजर नव्हता.

त्याने फोन उचलला. “बाई, ती कवळी. दोष तोंडात नाही. चावा तुम्ही बरोबर घेतला होता. मी तो फेकून दिला.”

मग ती म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं, काका. पण तुम्ही म्हणालात ना, सवय होईल. मग मीही त्यांना तेच सांगत राहिले.” आणि थोड्या वेळाने, “ते फार खराब झालेत हो. पातळ काहीतरी पिऊन राहतात. मी बोलावून घेते त्यांना.”

“नको. मीच जातो.”

“तुम्ही? रोग्याकडे?”

“पत्ता द्या, बाई.”

म्हातारा एका धुलाईच्या दुकानामागे एका खोलीत राहत होता. खोलीत साबणाचा आणि गरम कापडाचा वास होता, आणि भिंत इतकी उबदार की तिला टेकून ठेवलेली खुर्ची हीच घरातली मानाची जागा असावी. दार उघडताना त्याने तोंडावर हात धरला. “अरे, आपण! पुढच्या बाकावरचे ना? काल चुकून आमच्यात बसलात.” मग जरा घाबरून, “काल मी रुमाल काढला, ते बघितलंत वाटतं. प्रभूच्या मेजाशी तसं करायला नको होतं. पाळकांनी पाठवलं का?”

“कुणी पाठवलं नाही. तुमचे दात मी केलेत.”

म्हाताऱ्याचा हात तोंडावरून खाली आला. “तुम्ही होय! फार देखणे आहेत हो बंधू. मी कधीकधी नुसते घालून आरशात बघतो. पण काय आहे, श्रीमंताघरचा जावई असतो ना, दिसायला राजबिंडा, सासुरवाडीला मात्र रमत नाही, तशी गत. माझं तोंडच हलकं त्यांच्यापुढं.”

“तुमचं तोंड ठीक आहे. चूक माझी आहे.” कवळीकाराने वाक्य वाटेत बांधून आणले होते, त्यातले हे पहिले आणि शेवटचे तुकडे तेवढे उरले. “तुमचा जबडा डावीकडे मिटतो, हे मला मेणावर दिसत होतं. मला वाटलं, ते चुकलंय. म्हणून मी सरळ केलं.”

“सरळ केलंत?” म्हातारा बोडक्या तोंडाने हसू लागला, आणि हसताना उजव्या गालाला हात लावून कळवळला. “अहो, माझ्या आईनं काय कमी केलं? हनुवटीला फडकं बांधून निजवायची मला. तिला नाही जमलं ते तुम्हाला कसं जमावं?”

कवळीकार रागाची वाट पाहत होता. रागाला त्याच्यापाशी उत्तरे होती. हे हसणे त्याच्या अंगावर बिनमापाचे आले, आणि ते कुठे ठेवावे त्याला कळेना. त्याने पिशवीतून मेण काढले, गरम पाण्यात मऊ केले, आणि म्हाताऱ्याला त्या उबदार खुर्चीत बसवून त्याची हनुवटी चिमटीत धरली. सबंध आयुष्य जबड्यांत काढूनही जिवंत जबडा त्याने फारसा हाती धरला नव्हता. तो ऊन होता. त्याला दाढीचे खुंट होते, त्याखाली एक शीर उडत होती. “मिटा. सराव नको, सरळ नको. तुमच्या सवयीनं.” हनुवटी त्याच्या बोटांतून डावीकडे गेली, जुने दार आपल्याच चौकटीत बसावे तशी, बिनआवाज. त्याने बोटे तिच्याबरोबर जाऊ दिली. मेण निवेपर्यंत तो तसाच उभा राहिला. निवल्यावरही थोडा वेळ.

“हे कशानं झालं?” त्याने मेण पाण्यात ठेवत विचारले.

“आमेननं,” म्हातारा म्हणाला.

आणि मग सांगू लागला, दुसऱ्याच कोणाची गंमत सांगावी तसे. “आमचे वडील भट्टीवर कामाला. तिथल्या घणघणाटात दिवसभर बोलणं नाही. मग संध्याकाळी जेवणाआधी देवाशी सगळं बोलून घ्यायचे. मुकादमाबद्दल, गुडघ्याबद्दल, सगळं! सूप गार व्हायचं. मी पोर, भुकेनं कासावीस. एकदा मधेच ओरडलो, आमेन! त्यांनी डोळे न उघडताच हात फिरवला. मारायचं नव्हतं हो त्यांना एवढं. पण हात भट्टीवरचा, जबडाच सरकला. मागनं इतके रडले, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली, आणि मला तर बोलता येत नव्हतं!”

“आणि तरी तुम्ही अजून…”

“छे छे. त्यानंतर बरीच वर्षं मी मुळी आमेन म्हटलंच नाही. चर्चमध्येही ओठ मिटून. पण शेवटी ते अंथरुणाला खिळले. प्रार्थना सुरू करायचे आणि दम पुरायचा नाही. अर्ध्यात अडकले की घाबरायचे. पोचली का रे, म्हणायचे, पोचली का? मग मीच मधे म्हणायला लागलो, आमेन. झाली बाबा, पोचली. की मग झोपायचे शांत. तेव्हापासनं कुणी प्रार्थनेला उभं राहिलं की मला धास्ती वाटते, याला पुरेल ना दम? पाळकांना पुरतो, मला ठाऊक आहे. पण जिभेला कोण सांगणार? हल्ली तुमच्या दातांमुळं गप्प आहे, तर मंडळी सुखी असेल.”

कवळीकाराने पाण्यातले मेण काढून फडक्यात गुंडाळले.

नवी कवळी करायला त्याने वेळ घेतला. नव्या मेणाबरहुकूम जबडे सांगाड्यावर चढवले तेव्हा ते वाकडे बसले, आणि त्याचे डोळे दुखू लागले. सरळाला सरावलेली नजर पुन्हा पुन्हा दुरुस्तीला धावे. एकेक दात मेणात रोवताना त्याला आपल्याच शिकवणुकीविरुद्ध जावे लागत होते. हा जरा आत, तो जरा तिरपा, मध्यरेषेसमोर मध्यरेषा नाहीच. काम करता करता पाळकांशी झालेला तो वाद आपसूक पुन्हा उघडला, आणि या खेपेला त्याला स्वतःच्या बाजूने बोलता येईना. कृपेला माप नसते असे कोण म्हणाले होते? पाळक म्हणाले होते. ते तेवढ्यापुरते चुकले असतील. पण तो स्वतः त्याहून चुकला होता. त्याने सबंध आयुष्य माणसांना लावायची ती एक सरळ रेघ हेच माप समजले होते, आणि आपण त्या रेघेवर बसतो अशा समजुतीत पुढच्या बाकावर बसला होता. असेही कोणीतरी असेल, जो वाकड्याचे वाकडे माप घेतो. मेण निवेपर्यंत हनुवटी हातात धरून उभा राहतो. वाद तिथेच राहिला. त्याने कवळी घासली, चकाकी आणली. खुणेची रेघ काढण्याआधी हात थबकला: हे वाकडे काम आपले म्हणायचे का? मग त्याने ती काढली.

“तुम्हीच घेऊन जा, काका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “टोचलं कुठं तर मी आहेच.”

म्हाताऱ्याने कवळी घातली. जीभ आतून फिरवली, उजवीकडे, डावीकडे. मग तोंड मिटले, आणि दोन्ही बाजूंचे दात एकदमच टेकल्याचा एक बारीक, भरीव आवाज झाला. कवळीकाराला तो आवाज चांगला ठाऊक होता; पण तो त्याने ऐकला होता तो फक्त पितळेच्या बिजागरीतून. “हं,” एवढेच म्हातारा म्हणाला, आणि वळून कपाटातून दोन वाडगे काढले. “बसा. सूप आहे. पाव कालचा आहे, कडा दगड झाल्यात. आज बघूच.”

“मला निघायला…”

“कुणी वाट बघतंय का घरी?”

कवळीकार बसला. टेबल लहान होते. दोघांचे गुडघे खाली एकमेकांना लागत होते. भिंतीपलीकडे धुलाईचे यंत्र घरघरत होते आणि वाफ वाडग्यांवरून दोघांच्या तोंडांवर येत होती. म्हाताऱ्याने पाव मोडला, मऊ गर त्याच्यापुढे ठेवला आणि कडा आपल्याकडे घेतल्या. “प्रार्थना तुम्ही करा, बंधू. तुमची भाषा चांगली आहे.”

त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. हे कृपाळू पित्या, या अन्नाबद्दल आणि या छपराबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. वाक्ये सवयीने, ओळीने येत होती. ज्यांनी हे अन्न पिकवले त्यांना तू सांभाळ. आजारी आहेत त्यांना तू बरे कर. आणि जे आज आमच्याबरोबर या मेजाशी नाहीत, ज्यांना आम्ही, आणि इथे त्याला पुढचे दिसेना. उजवीकडे आरपार झिजलेला एक पारदर्शक पत्रा दिसला. ज्यांना आम्ही, तो पुन्हा म्हणाला. त्याने वाक्याचे क्रियापद शोधले. ते कुठेतरी फार दूर, शेजारच्या उशीपाशी पडले होते, आणि तिथपर्यंत जायला छातीत हवा नव्हती. सूप निवत होते. आपण असेच, तोंड उघडे टाकून, अर्ध्या वाक्यात कायमचे उभे राहणार, असे त्याला वाटले; आणि एखाद्या मुलासारखी भीती वाटली.

“आमेन!” समोरून आले; खणखणीत, अख्खे, सगळ्या दातांनिशी.

त्याने लगेच डोळे उघडले नाहीत. पावाची कड मोडल्याचा आवाज झाला. टेबलापलीकडे कोणीतरी चावत होते. सावकाश, दोन्ही बाजूंनी. तो ऐकत राहिला.